मधले तीन मेल: गेटवेवरच्या ईमेल आर्काइव्हिंगचं एक प्रकरण

पाच मेल हवे होते, मिळाले दोन.

सहाशेच्या आसपास मेलबॉक्स असलेली एक संस्था. मेल सर्व्हर त्यांचा स्वतःचा, आतल्या नेटवर्कमध्ये. त्याच्या पुढे, इंटरनेटच्या तोंडाशी, स्पॅम आणि व्हायरस अडवणारा मेल सिक्युरिटी गेटवे. त्या गेटवेत आर्काइव्हिंगची, म्हणजे मेलच्या प्रती दप्तरासाठी साठवून ठेवण्याची, सोय होती आणि आठ महिन्यांपूर्वी कोणीतरी ती चालू करून ठेवली होती. 'सर्व मेलचं आर्काइव्हिंग सुरू केलं आहे' असं एका ओळीचं टिपण फायलीला लागलेलं होतं, आणि त्या ओळीच्या भरवशावर सगळे निर्धास्त होते.

मग अंतर्गत लेखापरीक्षणात एका खरेदीचा विषय निघाला. पुरवठादाराने दर कळवले, खरेदी विभागाने लेखा विभागाला विचारलं, लेखा विभागाने उत्तर दिलं, खरेदीने पुरवठादाराला होकार पाठवला, पुरवठादाराची पोच आली. असे पाच मेल. आर्काइव्हमध्ये शोधल्यावर पहिला आणि शेवटचा सापडला. दर आले ते दिसत होतं, पोच आली ती दिसत होती. मधे कोणी काय ठरवलं, याचा मागमूस नव्हता.

मला बोलावलं गेलं ते त्यानंतर. बैठकीत अभिलेख विभागाच्या मॅडमनी सरळ विचारलं, "अहो, आर्काइव्ह म्हणजे सगळे मेल ना? मग मधले तीन गेले कुठे?"

मेल सांभाळणारा तिथला तरुण प्रशासक हळूच म्हणाला, "मॅडम, गेले नाहीत. ते तिथे आलेच नव्हते."

त्याला कारण अर्धं कळलं होतं. उरलेलं अर्धं शोधायला आम्हाला आठवडा लागला.

गेटवेला काय दिसतं

गेटवे हा दारावरचा रखवालदार. दारातून जे आत-बाहेर होतं तेवढंच त्याला दिसतं. खरेदीच्या माणसाने लेखाच्या माणसाला मेल लिहिला तर तो मेल सर्व्हरच्या पोटातच एका मेलबॉक्समधून दुसऱ्यात जातो, दाराकडे फिरकतही नाही. त्यामुळे गेटवेवर आर्काइव्हिंग कितीही नीट बसवलं तरी घरातली बोलणी त्यात येणार नाहीत. मधल्या तीनपैकी दोन मेल इथेच सुटले.

तिसरा सुटला तो एका चौकटीमुळे. गेटवेवर आर्काइव्हचा एकच नियम होता आणि त्यात फक्त प्राप्तकर्त्याची अट होती: आपल्या डोमेनचा, म्हणजे '@' नंतर आपल्या संस्थेचं नाव असलेला, कोणताही पत्ता. म्हणजे बाहेरून येणारे मेल नियमात बसत. पुरवठादाराला गेलेल्या मेलचा प्राप्तकर्ता आपल्या डोमेनचा नाही, म्हणून तो नियमाला लागलाच नाही. पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर दुसरा नियम हवा होता, तो कोणी केला नव्हता. नियम करणाऱ्याने स्वतःला बाहेरून एक मेल पाठवून पाहिला असणार, तो आर्काइव्हमध्ये दिसला असणार आणि काम झालं असं वाटलं असणार. ही चूक मी स्वतःही केलेली आहे, त्यामुळे फार तोंड वर करून बोलायला जागा नाही.

तीन मेलचा हिशेब इथे लागला होता. पण एकदा कपाट उघडलंच आहे तर मागचे खणही बघू, म्हणून मी आर्काइव्हमधला सगळ्यात जुना मेल काढायला सांगितला. आठ महिन्यांपूर्वीचा यायला हवा होता. आला तो पाच महिन्यांपूर्वीचा.

आधी वाटलं शोधात काही गफलत आहे. मग आर्काइव्ह खात्याची सेटिंग्ज उघडली. खात्याला 200 जीबीची मर्यादा, आणि त्याखाली एक पर्याय: जागा भरल्यावर काय करायचं? 'नवे साठवणं थांबवा' किंवा 'सर्वात जुने पुसून जागा करा'. दुसरा निवडलेला होता. दिवसाला सरासरी 1.3 जीबी जमा होत होतं, म्हणजे 200 जीबी साधारण 154 दिवसांत भरतात. तेव्हापासून रोज रात्री यंत्र इमानेइतबारे जुना दिवस पुसत होतं आणि नवा ठेवत होतं. पहिले तीन महिने गेलेले. कोणी खोडसाळपणा केला नव्हता, लॉगमध्ये एकही चुकीची नोंद नव्हती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हे दोन्ही पर्याय वाईटच आहेत. 'साठवणं थांबवा' निवडलं असतं तर पाच महिन्यांनंतरचं काहीच मिळालं नसतं. मला विचाराल तर थांबवणारा पर्याय त्यातल्या त्यात बरा, कारण थांबलेलं काम कोणाच्या तरी लक्षात येण्याची शक्यता असते. पण 80 टक्क्यांना इशारा देणारा मेल लावल्याशिवाय दोन्हींत फरक नावापुरताच.

जागा इतक्या लवकर भरण्याचं आणखी एक कारण होतं: स्पॅमही साठवला जात होता. स्पॅम वगळण्याचा अपवाद टाकता येत होता, तो टाकलेला नव्हता. मेलच्या संख्येत अर्ध्याहून जास्त कचरा. स्पॅमचे मेल आकाराने लहान असतात म्हणून जागेच्या हिशेबात तो पाव भागाच्या आसपास निघाला, तरी पाव म्हणजे 50 जीबी.

पाकीट आणि कागद

चौथा दोष लेखापरीक्षकांच्या एका प्रश्नातून कळला. सापडलेल्या दोन मेलपैकी शेवटच्या मेलबद्दल त्यांनी विचारलं, "हा आपल्याकडे नेमका कोणाकोणाला आला?" मेल उघडला तर 'प्रति'च्या जागी एका समूहाचा पत्ता. समूहात तेव्हा कोण होतं? माहीत नाही, कारण समूहातली माणसं दरम्यान बदलली होती. बीसीसीमध्ये कोणी होतं का? तेही त्यावरून सांगता येईना.

ज्यांनी कधी टेलनेटवर, सर्व्हरला स्वतः आज्ञा टाइप करून, हाताने मेल पाठवला आहे त्यांना हे लगेच कळेल. एसएमटीपीमध्ये, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देताना जी भाषा बोलतात तिच्यात, पत्त्यांच्या दोन जागा असतात. एक पाकिटावरची, जी सर्व्हर एकमेकांना 'आरसीपीटी टू' या आज्ञेतून सांगतात, आणि जिच्यावरून मेल खरोखर पोचतो. दुसरी आतल्या कागदावरची, म्हणजे 'टू' आणि 'सीसी' हे हेडर, जे वाचणाऱ्याला दिसतात. दोन्ही सारखे असायलाच हवेत असं बंधन नाही. बीसीसीचं सगळं गणित यावरच चालतं: नाव पाकिटावर असतं, कागदावर नसतं. पाकिटाचे नियम आरएफसी 5321 या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात आहेत आणि कागदाचे आरएफसी 5322 मध्ये. दोन्ही 2008 चे, पण ही विभागणी 1982 च्या 821 आणि 822 पासूनची.

गेटवेचं आर्काइव्ह कागद ठेवत होतं आणि पाकीट फेकून देत होतं. लॉगमध्ये पाकिटाचा पत्ता होता, पण लॉग 60 दिवसांनी पुसले जात.

पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर वापरणाऱ्यांना ही जागा ओळखीची वाटेल. 'ऑलवेज बीसीसी' नावाची एक ओळ टाकली की प्रत्येक मेलची प्रत ठरलेल्या पत्त्यावर जाते, आणि अनेक ठिकाणी याच ओळीला आर्काइव्ह म्हणतात. प्रत जाते हे खरं. मूळ पाकिटावर आणखी कोण होतं ते मात्र त्या प्रतीत येत नाही.

काय बसवलं

उपाय जुनाच आहे: जर्नलिंग. मेल सर्व्हरवर नियम लावायचा की इथून जाणारा प्रत्येक मेल, आतला असो वा बाहेरचा, जर्नल अहवालाच्या रूपात आर्काइव्हकडे पाठव. एक्स्चेंजसारख्या सर्व्हरमध्ये ही सोय मुळातच असते. हा अहवाल म्हणजे वरून पाहता एक साधा मेल. त्यात पाठवणारा, विषय, मेसेज आयडी (मेलचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि प्रत्येक प्राप्तकर्ता लिहिलेला असतो, बीसीसीतलाही, आणि समूह उलगडून त्यातली माणसंही. मूळ मेल त्याला जसाच्या तसा जोडलेला असतो. म्हणजे पाकिटावरचा मजकूर आधी एका चिठ्ठीवर उतरवायचा आणि मग पाकीट, कागद, चिठ्ठी सगळं एकत्र दप्तरात लावायचं.

पहिला अहवाल उघडून मी तो मॅडमना पडद्यावर दाखवला. चाचणीसाठी प्रशासकाने त्यांना एक मेल पाठवला होता आणि बीसीसीमध्ये मला ठेवलं होतं. त्यांच्या मेलबॉक्समध्ये माझं नाव नव्हतं. अहवालात, वरून पाचव्या ओळीत होतं. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे हे कोणालाही वाचता येता कामा नये." संपूर्ण आठवड्यातलं सर्वात नेमकं वाक्य तेच होतं. त्याकडे पुढे येतो.

अहवाल ठेवायचे कुठे, यावर वाद झाला. गेटवेची डिस्क दूरच्या साठ्याला जोडता येत होती, एसएफटीपी या सुरक्षित फाइल-पाठवणीने. गेटवे आपल्याकडे थोडी तात्पुरती जागा ठेवतो आणि ठरावीक आकार किंवा वेळ झाली की फाइल बंद करून पलीकडे पाठवतो. एका आठवड्यासाठी जर्नलिंग चालू करून मोजलं, तर कामाच्या दिवसाला 3.1 जीबी येत होते. वर्षाचे 260 दिवस धरले तर 800 जीबीच्या थोडं वर, सात वर्षांचे साडेपाच टीबीहून जास्त, आणि हे मेल वाढणार नाहीत असं धरून. गेटवेच्या अंगात हे मावणारं नव्हतं, आणि मावलं असतं तरी मी ठेवलं नसतं. जे यंत्र इंटरनेटच्या तोंडाशी उभं आहे, ज्याच्यावर रोज हल्ले होतात, जे पाच वर्षांनी बदललं जाणार आहे, त्याच्या पोटात सात वर्षांची कागदपत्रं कशाला? साठा वेगळा, आत, आणि एकदा लिहिलं की मुदत संपेपर्यंत खोडता येणार नाही अशा प्रकारचा घेतला.

ही सात वर्षं आली कुठून, हेही मी विचारलं. कोणालाच सांगता येईना. जगभर हा आकडा असाच फिरतो. अमेरिकेत 2002 च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्यानंतर लेखापरीक्षकांनी आपली कागदपत्रं सात वर्षं ठेवावीत असा नियम झाला. त्याच देशात शेअर दलालांच्या व्यावसायिक पत्रव्यवहाराला 17ए-4 या नियमाखाली तीन वर्षं आहेत, त्यातली पहिली दोन सहज हाताशी. उलट युरोपचा 25 मे 2018 पासून लागू झालेला जीडीपीआर हा कायदा म्हणतो की गरजेपेक्षा जास्त काळ वैयक्तिक माहिती ठेवूच नका. म्हणजे मुदतीचं उत्तर तांत्रिक माणसाने द्यायचं नसतं. आम्ही विधी विभागाला लेखी विचारलं, त्यांनी विभागवार मुदती दिल्या, आणि सात वर्षं फक्त लेखा आणि खरेदीपुरती उरली. एकाच आर्काइव्ह खात्याची मग मुदतीनुसार तीन झाली. चौकशी चालू असलेल्या माणसांचे मेल मुदत संपली तरी पुसू नयेत म्हणून होल्डची सोय वेगळी ठेवली, आणि त्या खरेदीच्या सगळ्या नावांवर त्याच दिवशी होल्ड लावला.

जर्नलचा मेल गेटवेतून जाताना त्याच्यावर नेहमीचे नियम लागू द्यायचे नाहीत. हे ऐकायला सोपं आहे. पण आर्काइव्हच्या पत्त्यावर येणारा मेल स्पॅम म्हणून अडला, व्हायरस म्हणून त्याची जोडफाइल काढली गेली, किंवा एकाच सर्व्हरकडून फार मेल येतात म्हणून वेग कमी केला गेला, तर आर्काइव्हला भोकं पडतात आणि ती भोकं वरून दिसत नाहीत. म्हणून मेल सर्व्हरच्या आयपीवरून आर्काइव्हच्या पत्त्यावर येणाऱ्या मेलला सगळ्या तपासण्यांतून सूट दिली. आणि लगेच उलट बाजूही बंद केली: त्या पत्त्यावर दुसऱ्या कुठल्याही आयपीवरून मेल आला तर तो दारातच नाकारायचा. नाहीतर पत्ता कळलेला कोणीही घरबसल्या आपल्याला हवा तो 'पुरावा' आर्काइव्हमध्ये टाकू शकेल.

कोणती प्रत खरी

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक ठिकाणी हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

बाहेरून आलेल्या मेलला गेटवे हात लावतो. विषयापुढे 'बाहेरील' असा शिक्का मारतो, मजकुरातल्या लिंक आपल्या तपासणीच्या पत्त्यावर वळवतो, कधी जोडफाइलमधले मॅक्रो काढतो. हे सगळं झाल्यावर मेल आत जातो आणि सर्व्हर त्याचं जर्नल करतो. म्हणजे जर्नलमध्ये आहे ती बदललेली प्रत. पाठवणाऱ्याच्या डोमेनने मारलेली डीकेआयएम सही, म्हणजे मजकूर वाटेत बदललेला नाही हे दाखवणारी डिजिटल सही, त्या प्रतीवर तपासली तर ती बहुधा जुळणार नाही, कारण सही ज्या मजकुरावर आणि विषयावर होती ते बदललेले आहेत. उद्या कोणी म्हणालं, "मी असं लिहिलंच नव्हतं", तर या प्रतीवरून त्याला खोटं ठरवता येणार नाही.

गेटवेवर आर्काइव्हसाठी 'मूळ प्रत' की 'बदललेली प्रत' असा पर्याय होता. जुन्या नियमात 'बदललेली' निवडलेलं होतं. तो मूळवर नेला आणि बाहेरून येणाऱ्या मेलपुरतं गेटवेचं आर्काइव्ह चालूच ठेवलं. आता बाहेरून आलेल्या प्रत्येक मेलच्या दोन प्रती राहतात: एक पाठवणाऱ्याने लिहिली ती, दुसरी आपल्या माणसाने वाचली ती. साठ्याचा खर्च वाढतो म्हणून कुरकुर झाली. पण "तुम्ही ही लिंक उघडलीत का?" या प्रश्नाला दुसरी प्रत लागते आणि "तुम्ही हे लिहिलंत का?" याला पहिली. मी दोन्ही ठेवायच्या बाजूचा.

डीकेआयएमबद्दल आणखी एक. सही तपासायला लागणारी सार्वजनिक चावी पाठवणाऱ्याच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदींत, असते, आणि ती लोक अधूनमधून बदलतात, जुनी काढून टाकतात. चार वर्षांनी मूळ प्रत असूनही तपासणी होणार नाही. म्हणून मेल आला त्याच वेळी गेटवेने केलेल्या तपासणीचा निकाल, म्हणजे 'ऑथेंटिकेशन रिझल्ट्स' हे हेडर, मूळ प्रतीच्या शेजारी नोंदवून ठेवला जाईल असं केलं.

दोन प्रती आल्या की नक्कल गाळण्याचा मोह होतो. साठ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मेसेज आयडीवरून नक्कल काढणारं बटण होतंच. ते बंद केलं. एकच मेल दोन गटांना वेगवेगळ्या पाकिटांतून गेला तर दोन्हींचा मेसेज आयडी एकच असतो, प्राप्तकर्ते वेगळे. आयडी बघून एक पुसला की त्याच्यासोबत कोणाला मिळाला हेही पुसलं जातं.

चाचणी आणि रोजचा हिशेब

चाचणीसाठी आम्ही एक तक्ता केला. आतून आत, आतून बाहेर, बाहेरून आत, बीसीसी, समूह, मोबाइलवरून, मेलबॉक्सच्या नियमाने आपोआप पुढे गेलेला, बैठकीचं निमंत्रण, क्वारंटाइनमध्ये (संशयित मेल रोखून ठेवायच्या जागी) अडकून नंतर सोडलेला. प्रत्येकाच्या विषयात एक वेगळा क्रमांक, आणि आर्काइव्हमध्ये तो क्रमांक शोधायचा. क्वारंटाइनमधून सोडलेल्या मेलची बदललेली प्रत आली, मूळ आली नाही. क्वारंटाइन ही कृती आर्काइव्हच्या आधी लागत होती, तो क्रम बदलावा लागला.

तक्त्यातली शेवटची ओळ प्रशासकाने अगदी ऐनवेळी घातली: बिलं पाठवणारी प्रणाली. तिचा मेल आला नाही. पुन्हा पाठवला, पुन्हा नाही. ही प्रणाली, दोन स्कॅनर आणि सर्व्हर खोलीतला तापमानाचा इशारा देणारा डबा, हे सगळे मेल सर्व्हरला न विचारता थेट गेटवेमार्फत बाहेर पाठवत होते. तापमानाचं सोडून देऊ, पण बिलं! ज्या कागदांसाठी सात वर्षांची मुदत ठरली तेच जर्नलच्या बाहेर होते. मग गेटवेवर त्या आयपींसाठी, पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर, वेगळा आर्काइव्ह नियम केला. आठ महिन्यांपूर्वी राहून गेलेला नियम तो हाच.

त्यानंतर रोजची मोजणी सुरू केली. मेल सर्व्हरच्या ट्रॅकिंग लॉगमध्ये काल किती जर्नल अहवाल निघाले आणि आर्काइव्हमध्ये काल किती उतरले, एवढे दोन आकडे सकाळी शेजारी ठेवायचे. पहिल्या दिवशी 11 चा फरक. दुसऱ्या दिवशी 14. तिसऱ्या दिवशी 9. प्रशासक म्हणाला, "सर, वीस-पंचवीस हजारांत नऊ म्हणजे काहीच नाही." पण नऊ कुठले, हे माहीत नसेल तर ते नऊ नेमके हवे असलेले असू शकतात. एकेक काढून बघितले. सगळे मोठे मेल. गेटवेवर मेलच्या आकाराची मर्यादा 30 एमबी होती. सर्व्हरच्या पोटात फाइल मूळ आकाराने मोजली जाते. एसएमटीपीने बाहेर काढताना ती बेस64 मध्ये बांधली जाते, तीन बाइटची चार अक्षरं होतात, ओळी तोडण्याची भर पडून 37 टक्क्यांच्या आसपास फुगते. 25 एमबीची फाइल आतल्या आत बिनबोभाट पोचायची आणि तिचा जर्नल अहवाल 34 एमबीचा होऊन दारात नाकारला जायचा. मोठ्या फायली म्हणजे करार, नकाशे, निविदा. आर्काइव्हच्या मार्गाची मर्यादा 60 एमबी केल्यावर फरक शून्यावर आला.

नाकारलेले अहवाल कुठे जातात, हाही प्रश्न त्यातूनच निघाला. त्यांच्यासाठी वेगळा पर्यायी मेलबॉक्स नेमता येतो, तो नेमलेला नव्हता. आणि आर्काइव्हच बंद पडलं तर? सर्व्हर रांगेत धरून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, पण किती काळ? आरएफसी 5321 साधारण चार-पाच दिवस म्हणतं आणि पोस्टफिक्समध्ये मुळात पाच दिवस असतात. एक्स्चेंजमध्ये मात्र मुळात दोनच. शुक्रवारी संध्याकाळी साठा बंद पडला आणि पुढे सोमवारची सुट्टी आली, तर मंगळवारी सकाळपर्यंत सुरुवातीचे अहवाल रांगेतून गळून गेलेले असतील, आणि बघणाऱ्याला ते कळणारही नाही. मुदत वाढवली, पर्यायी मेलबॉक्स दिला, रांग हजारावर गेली की फोनवर इशारा लावला.

शोध, आणि शोधणारे

मॅडमनी शोधायला सुरुवात केली तेव्हा पहिल्याच दिवशी तक्रार आली: मराठी शब्द सापडत नाहीत. इंग्रजी विषय सापडायचे, देवनागरी विषय नाहीत. जुन्या गेटवेचा शोध मेलच्या कच्च्या मजकुरात चालायचा, आणि कच्च्या मजकुरात देवनागरी विषय देवनागरीत नसतोच. तो यूटीएफ-8 चा बेस64 करून, प्रश्नचिन्हं आणि बरोबरीच्या चिन्हांत गुंडाळून लिहिलेला असतो. नव्या साठ्याचा शोध आधी उलगडून मग सूची करतो, म्हणून तिथे सापडले. तरी 'दुसऱ्या' हा शब्द निम्म्या मेलमध्येच मिळायचा. त्यातला डोळ्यातल्या पापणीसारखा र दोन प्रकारे टाइप होतो: नुक्ता असलेला ऱ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, यंत्राला पूर्ण वेगळे. सूची करताना दोन्ही एक धरावेत अशी सेटिंग करावी लागली. 'पुरवठादाऱ्या' असं चुकीचं लिहिणारे तरीही सुटतातच, त्याला इलाज नाही.

स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये शोध लागत नाही आणि एस/माइमने कूटबद्ध केलेले मेल चावीशिवाय उघडत नाहीत. या दोन्ही गोष्टी आधीच लेखी कळवल्या.

आता त्यांचं ते वाक्य. बीसीसी दिसतं, सगळ्यांचं दिसतं, तर बघणार कोण? ठरलं ते असं: शोधण्याचा अधिकार अभिलेख विभागातल्या दोघांना, प्रत्येक शोधाला मंजुरीचा क्रमांक, आणि कोणी काय शोधलं याची नोंद अशा जागी की शोधणाऱ्याला ती खोडता येऊ नये. प्रशासकाला साठा चालवता येतो, आतलं वाचता येत नाही. त्याला आधी थोडं लागलं. मी म्हटलं, "अरे, उद्या काही फुटलं तर पहिलं नाव तुझंच येईल. वाचता येत नाही हेच बरं." कर्मचाऱ्यांनाही परिपत्रकाने कळवलं की मेल साठवले जातात, किती काळ, आणि कोण बघू शकतं. त्यानंतरच्या आठवड्यात आतल्या मेलची संख्या थोडी घटली, असं प्रशासक हसत म्हणाला. मोजून बघ म्हटलं तर त्याने विषय बदलला.

मागचं काय झालं

खरेदीच्या मधल्या तीन मेलपैकी दोन मिळाले, खरेदीच्या माणसाच्या पाठवलेल्या मेलच्या फोल्डरमधून. लेखा विभागाचं उत्तर दोन्ही मेलबॉक्समधून पुसलेलं होतं, आणि पुसलेले मेल सर्व्हर जितके दिवस धरून ठेवतो ते दिवसही उलटले होते. बॅकअप रोजचे होते, पण फक्त शेवटचे 30 दिवस.

बाकीच्यांच्या मेलबॉक्समधलं आणि जुन्या पीएसटी फायलींमधलं (आउटलुकने संगणकावर साठवलेल्या) जेवढं मिळालं तेवढं साठ्यात घेतलं, पण वेगळ्या खात्यात, 'मेलबॉक्समधून गोळा केलेलं' अशा शिक्क्याने. त्याला पाकीट नाही आणि मधे कोणी काय पुसलं ते कळत नाही. दोन्ही एकत्र मिसळले असते तर चांगल्याचीही किंमत गेली असती.

लेखापरीक्षकांना दिलेले चार मेल ईएमएल फायली म्हणून काढले, प्रत्येकीचा एसएचए-256 ठसा (फाइल जराही बदलली तर बदलणारा आकडा) वेगळ्या यादीत दिला आणि त्या त्यांच्याच संगणकावर, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून दाखवल्या. सोबत एक पान जोडलं: कोणता मेल कुठून मिळाला, कोणता मिळाला नाही आणि का. हे पान लिहू नये, असं बैठकीत एकाने सुचवलं. मॅडमनी त्याच्याकडे न बघता त्यावर सही केली.

अभिलेख विभागात आता आर्काइव्हची एक नोंदवही आहे, महिन्याला एक ओळ: किती अहवाल निघाले, किती उतरले, फरक किती. सुरुवातीच्या तीन ओळींत आकड्यांच्या जागी 'उपलब्ध नाही, जागा भरल्याने पुसले गेले' असं लिहिलेलं आहे, आणि त्यानंतरच्या पाच ओळींत 'फक्त बाहेरून आलेले'. त्या आठ ओळींची मुदतही विधी विभागाने सात वर्षंच धरली आहे.